व्हॉल्व्हचे पेशंट आणि घड्याळातला एचआरव्ही: आकडा मोठा आला म्हणून निश्चिंत होऊ नका

मी सोलापुरात ईसीजी काढायचं आणि होल्टर, म्हणजे चोवीस तास ईसीजी नोंदवणारं छोटं मशीन, लावायचं काम करतो, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण दिवसभर लोकांच्या छातीला इलेक्ट्रोड चिकटवताना जे प्रश्न कानावर येतात त्यातला एक अलीकडे फार वाढलाय, "घड्याळात एचआरव्ही अमुक दाखवतंय, चांगलं का वाईट?" आधी जिमला जाणारी पोरं विचारायची, आता हृदयाच्या व्हॉल्व्हचे, म्हणजे झडपेचे, पेशंटपण विचारतात, पोरानं पुण्याहून घड्याळ पाठवलेलं असतं, आणि अण्णा सकाळी उठल्या उठल्या चहाच्या आधी आकडा बघतात. मला काळजी वाटते ती इथंच. कारण धडधाकट माणसासाठी त्या आकड्याचा जो अर्थ आहे तो व्हॉल्व्ह खराब असलेल्या माणसाला तसाच्या तसा लागत नाही, आणि एका ठिकाणी तर पूर्ण उलटा होतो. ते उलटं कुठं होतं ते पुढं सांगतो, आधी एचआरव्ही म्हणजे काय ते बघू.

नाडी मिनिटाला ६० आहे म्हटलं की आपल्याला वाटतं दर सेकंदाला एक ठोका, पण तसं नसतं. एक ठोका ०.९४ सेकंदानं येतो, पुढचा १.०३ नं, त्याच्या पुढचा ०.९८ नं, असं थोडं पुढं मागं चालूच असतं. ईसीजीच्या पट्टीवर जे उंच टोक दिसतं त्याला आर म्हणतात, दोन आर मधलं अंतर मिलिसेकंदात मोजायचं आणि ते अंतर किती बदलतंय ते बघायचं, हा बदल म्हणजे हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, एचआरव्ही. आणि गंमत म्हणजे हा बदल असणं चांगलं.

लोकांना हे पटत नाही, ठोके एकसारखे हवेत ना, असं म्हणतात. मग मी गड्ड्याच्या यात्रेतला नंदीध्वज आठवायला सांगतो. संक्रांतीला सिद्धेश्वराची मिरवणूक निघते तेव्हा बाराबंदी घातलेला माणूस तो उंचच्या उंच काठीचा ध्वज कमरेला तोलून चालतो, तेव्हा तो ताठ उभा राहिलेला असतो का? त्याचे हात, कंबर, पाय सतत बारीक बारीक हलत असतात, वाऱ्याची झुळूक आली की इकडं, रस्त्यात उंचवटा आला की तिकडं, म्हणून वरचं टोक सरळ राहतं. ज्याचं हे बारीक हलणं थांबलं, अंग आखडलं, तो दमलाय असं जाणती माणसं लगेच ओळखतात आणि दुसरा पुढं होतो. हृदयाच्या ठोक्यांमधला बारीक बदल तसाच आहे, ब्लड प्रेशर आणि रक्तपुरवठा सरळ ठेवायला शरीर दर क्षणाला जे सावरत असतं त्याची ती खूण.

हे सावरणं कोण करतं? आपोआप चालणारी नर्व्हची यंत्रणा, म्हणजे ऑटोनॉमिक. तिच्या दोन बाजू. एक सिंपथेटिक, धावपळ, भीती, ताप, रक्तस्राव, अशा वेळी हृदय जोरात आणि वेगात चालवणारी. दुसरी पॅरासिंपथेटिक, तिची मुख्य नर्व्ह म्हणजे व्हेगस, मेंदूच्या खालच्या भागातून निघून मानेतून उतरते आणि हृदयाला सावकाश करते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाची जागा आहे जिथून ठोका सुरू होतो, तिला एकटं सोडलं, कुठल्याच नर्व्हचा हुकूम नाही, तर ती मिनिटाला साधारण १०० ठोके देते. म्हणजे आपली बसल्या जागची नाडी ७० असते ती व्हेगसनं खाली धरून ठेवलेली असते म्हणून. ज्यांचं हृदय ट्रान्सप्लांट केलेलं असतं त्यांच्यात या नर्व्ह कापल्या जातात, म्हणून त्यांची विश्रांतीची नाडी ९० ते १०० च्या आसपास असते आणि ठोके जवळजवळ एकसारखे. ठोक्यातला बदल नर्व्हमुळं येतो, हृदयाच्या मांसामुळं नाही, याचा यापेक्षा सरळ पुरावा मला माहीत नाही.

या दोन्हींच्या वेगात फरक आहे आणि सगळा हिशोब त्या फरकावर उभा आहे. व्हेगसचा हुकूम लगेच लागतो, एका ठोक्याच्या आत. सिंपथेटिकला काही सेकंद लागतात. म्हणून ठोक्यागणिक होणारा झटपट बदल हा व्हेगसचा आणि सावकाश लाटेसारखा होणारा बदल हा दोन्हींचा मिळून, असं ढोबळ मानतात. घरी करून बघा, मनगटावर तीन बोटं ठेवा, सावकाश श्वास आत घ्या, नाडी किंचित वेगात जाते, श्वास सोडा, मंदावते. लहान पोरांमध्ये हे इतकं ठळक दिसतं की आईबाप घाबरून येतात, ठोका चुकतोय म्हणून, आणि ते पोरगं एकदम ठणठणीत असतं.

अजून एक गोष्ट, तिच्याशिवाय व्हॉल्व्हचं प्रकरण कळणार नाही. मानेतल्या मोठ्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत प्रेशर मोजणारे सेन्सर आहेत, बॅरोरिसेप्टर. तुम्ही झोपेतून उठून उभं राहिलात की रक्त पायात उतरतं, प्रेशर पडायला लागतं, सेन्सर मेंदूला कळवतात, व्हेगस ढिला होतो, सिंपथेटिक वाढतं, नाडी वाढते, शिरा आवळल्या जातात आणि तुम्हाला चक्कर येत नाही. हे दिवसातून शेकडो वेळा होतं आणि आपल्याला पत्ता नसतो.

एचआरव्ही हे काही मोबाईल कंपन्यांनी काढलेलं खूळ नाही. १९६५ साली हॉन आणि ली या डॉक्टरांनी बघितलं की पोटातलं बाळ अडचणीत असेल तर त्याच्या ठोक्यांचा वेग बदलायच्या आधीच ठोक्यांमधला बारीक बदल बिघडतो, आणि आजही डिलिव्हरीच्या वेळी आईच्या पोटाला पट्टा बांधून जो कागद काढतात त्यात नर्स ही व्हेरिएबिलिटी बघतेच. मग १९८७ मध्ये क्लायगर आणि त्यांच्या सोबत्यांनी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ८०८ पेशंटचे २४ तासांचे होल्टर तपासले, ज्यांचा एसडीएनएन, म्हणजे एचआरव्ही मोजायचा एक आकडा, ५० मिलिसेकंदाच्या खाली होता त्यांच्यात मृत्यूचा धोका १०० च्या वर असलेल्यांपेक्षा पाचपटीहून जास्त निघाला. १९९६ ला युरोप आणि अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून मोजायचे नियम ठरवले. पण लक्षात घ्या, तो ५० चा आकडा हार्ट अटॅकच्या पेशंटचा, २४ तासांच्या रेकॉर्डिंगचा आहे. घड्याळ रात्री मनगटावर लाईट मारून काही मिनिटांचं मोजतं, त्यातही कुठलं घड्याळ एसडीएनएन देतं, कुठलं आरएमएसएसडी नावाचा दुसरा आकडा देतं, पहिला एकूण बदल मोजतो, दुसरा ठोक्याला लागून असलेल्या ठोक्यातला फरक मोजतो, त्यामुळं शेजाऱ्याच्या घड्याळातले ५५ आणि तुमचे ३० यांची तुलना करणं निरर्थक आहे. शिवाय वयाबरोबर हा आकडा सगळ्यांचाच उतरतो.

आता व्हॉल्व्ह. हृदयात चार झडपा, रक्त एकाच दिशेनं जावं म्हणून. आपल्याकडं तरुण पेशंटमध्ये सगळ्यात जास्त त्रास देते ती मायट्रल, डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मधली. लहानपणी घसा दुखून ताप येतो, स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूचा, त्यावर नीट उपचार झाला नाही तर काही मुलांमध्ये दोन तीन आठवड्यांनी रुमॅटिक फिव्हर होतो, सांधे सुजतात, आज गुडघा उद्या मनगट, आणि सांधे बरे होतात पण व्हॉल्व्हला जी सूज येऊन गेलेली असते ती मागं खूण सोडते. ५ ते १५ हे वय जास्त धोक्याचं. एका खोलीत सातआठ माणसं, खेळती हवा नाही, तिथं घशाचा जंतू फिरतो जास्त, त्यामुळं हा दाटीच्या वस्तीतल्या कुटुंबांचा आजार आहे, आणि विडी वळणाऱ्या, लूमवर जाणाऱ्या घरातल्या पंचविशी तिशीतल्या बायका "जिना चढताना दम लागलालाय बघा" म्हणत येतात तेव्हा पोटात कालवतं, कारण हे टाळता येण्यासारखं होतं.

चांगली मायट्रल झडप उघडली की ४ ते ६ चौरस सेंटिमीटर वाट मिळते. त्या खुणेमुळं आकसून ती दीड किंवा त्याहून कमी झाली की डॉक्टर तिला सिव्हियर, म्हणजे गंभीर, म्हणतात. वरच्या कप्प्यातलं रक्त त्या अरुंद वाटेनं खालच्या कप्प्यात यायला वेळ लागतो, आणि हा वेळ दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत मिळतो. नाडी ६० असेल तर एका ठोक्याला एक सेकंद, त्यातला साधारण दोन तृतीयांश भाग रक्त भरायला. नाडी १२० झाली की एका ठोक्याला अर्धाच सेकंद, आणि आकुंचनाचा वेळ फारसा कमी होत नाही, बहुतेक कपात भरण्याच्या वेळेत होते. म्हणजे वाट अरुंद आणि वरून वेळही नाही. रक्त मागं तुंबतं, फुप्फुसात प्रेशर वाढतं, धाप लागते.

आणि आता नर्व्हकडं बघा. पुढं रक्त कमी जातंय हे सेन्सरना कळतं. त्यांना व्हॉल्व्हचं काही माहीत नाही, त्यांना फक्त प्रेशर आणि पुरवठा कळतो, मग ते लाखो वर्षं जे करत आलेत तेच करतात, सिंपथेटिक वाढवतात, व्हेगस ढिला करतात, नाडी पळवतात. रक्तस्रावात याच उपायानं जीव वाचतो. पण मायट्रल आकसलेल्या माणसात नाडी जितकी वाढेल तितकं भरणं कमी, पुढं जाणारं रक्त अजून कमी, मग हुकूम अजून कडक. शरीर मदत म्हणून जे करतं त्यानंच त्रास वाढतो. ताप आला, रक्त कमी झालं, घरात लग्नाची धावपळ निघाली, की इतके दिवस बरी असलेली बाई अचानक आडवी झोपू शकत नाही, याचं कारण हेच. गरोदरपणात तर रक्ताचं प्रमाण चाळीस पन्नास टक्क्यांनी वाढतं आणि नाडीही दहा ते वीसनं वाढते, म्हणून आधी कुणालाच न कळलेला मायट्रलचा आजार कित्येकींना बाळंतपणातच पहिल्यांदा कळतो. ज्या मुलीला लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन गेलाय तिचा लग्नाआधी, निदान दिवस जायच्या आधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मायट्रल आकसलेल्या पेशंटचा एचआरव्ही कमी येतो. व्हेगस मागं पडलेला, सिंपथेटिक सतत चढलेलं, ठोक्यांमधलं ते बारीक सावरणं आखडून गेलेलं. म्हणून डॉक्टर बीटा ब्लॉकर देतात, सिंपथेटिकचा हुकूम हृदयापर्यंत कमी पोचावा, नाडी खाली यावी, भरायला वेळ मिळावा. व्हॉल्व्ह त्यानं रुंद होत नाही, पण माणूस जिना चढू शकतो.

हीच गोळी दुसऱ्या व्हॉल्व्हच्या पेशंटला मात्र घातक ठरू शकते, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय कारण आपल्याकडं गोळ्यांची देवाणघेवाण चालते, "मलापण व्हॉल्व्हच आहे, ही घेऊन बघ." महाधमनीच्या तोंडाशी असलेला एऑर्टिक व्हॉल्व्ह लीक असेल तर विश्रांतीच्या वेळात रक्त उलटं हृदयात येतं. तिथं नाडी मंद केली तर गळायला जास्त वेळ मिळतो. खासकरून लीक अचानक झालेलं असेल तर शरीरानं वाढवलेली नाडी हाच त्या माणसाचा आधार असतो. व्हॉल्व्ह एकच शब्द, पण आजार वेगळे, नर्व्हची गरज वेगळी.

मायट्रल लीक असलेल्यांचं अजून निराळं. ते वर्षानुवर्षं बरे दिसतात, सोलापूर तुळजापूर चालत जातात. हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, त्यातलं काही मागं जातं, काही पुढं, भागतं. पण आतून सिंपथेटिक हळूहळू चढत असतं आणि डावा खालचा कप्पा फुगत असतो. ज्यांचा आजार पुढं गेलाय त्यांच्यात एचआरव्ही घसरलेला सापडतो, म्हणजे माणूस "मला काही होत नाही" म्हणत असतो तेव्हा नर्व्हला काहीतरी कळलेलं असतं. तरी ऑपरेशन कधी करायचं हे एचआरव्हीवर ठरत नाही, ते त्रास, इकोमधलं पंपिंग आणि कप्प्याचं माप यावर ठरतं. दर सहा महिन्यांनी किंवा वर्षानं बोलावलंय तर जा बाबांनो, बरं वाटतंय म्हणून इको चुकवू नका.

वयस्क लोकांत एऑर्टिक व्हॉल्व्हवर कॅल्शियम साचून तो आकसतो, वाट एक चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी झाली की सिव्हियर. यात एक विचित्र गोष्ट होते. चालताना, ओझं उचलताना माणूस चक्कर येऊन पडतो. कारण एकापेक्षा जास्त आहेत पण त्यातलं एक नर्व्हचं आहे, डाव्या खालच्या कप्प्यात रक्त अरुंद वाटेतून ढकलण्यासाठी प्रचंड प्रेशर तयार होतं, कप्प्याच्या भिंतीतल्या सेन्सरना वाटतं सगळ्या शरीरातच प्रेशर चढलंय, ते मेंदूला तसं कळवतात, मग हातापायाच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, नाडी उतरते, आणि बाहेर आधीच कमी असलेलं प्रेशर कोसळतं. खबर खोटी पण शरीर खरी मानतं. १९६८ साली रॉस आणि ब्राउनवाल्ड यांनी दाखवलं होतं की अशी चक्कर सुरू झाल्यावर व्हॉल्व्ह बदलला नाही तर पेशंट सरासरी तीनेक वर्षंच जगतो. तेव्हा घरातले आजोबा बाजारात चक्कर येऊन पडले तर ऊन लागलं म्हणून लिंबूपाणी देऊन विषय संपवू नका. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, ऊन लागू शकतंच, पण स्टेथोस्कोप लावून घ्यायला काय जातंय.

आता ते उलटं होणारं. मायट्रलच्या आजारात डावा वरचा कप्पा तुंबून तुंबून मोठा होतो आणि एक दिवस तो नीट आकुंचन पावायचं सोडून नुसता थरथरायला लागतो, याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, थोडक्यात एएफ. ठोका मग सायनस नोड ठरवत नाही, वरच्या कप्प्यातल्या गोंधळातून जो सिग्नल खाली निसटेल तो ठोका, त्यामुळं अंतरं वाट्टेल तशी, ०.४, ०.९, ०.६, १.१. एचआरव्ही काढणारं घड्याळ यातला फरक जर ओळखू शकलं नाही तर ते आकडा देतं, आणि तो आकडा भरमसाठ मोठा असतो. पेशंट म्हणतो, बघा, माझा एचआरव्ही तीस होता, आता एकशेवीस झाला, सुधारला! सुधारलेला नसतो, बिघडलेला असतो. एएफमध्ये एचआरव्हीचा नर्व्हशी लावायचा अर्थच उरत नाही. वर तो कप्पा थरथरतोय म्हणजे आत रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली की लकवा. त्यामुळं व्हॉल्व्हच्या माणसाचा एचआरव्ही एकदम दुप्पट तिप्पट झाला, सोबत धडधड, दम, तर त्याच दिवशी ईसीजी काढा. रुमॅटिक मायट्रल आकसलेला आणि सोबत एएफ असेल तर रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोमसारखी गोळी आणि रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी आयएनआर तपासणी हेच अजून बरोबर मानलं जातं, २०२२ मध्ये आलेल्या इन्व्हिक्टस या मोठ्या अभ्यासात अशा रुमॅटिक पेशंटमध्ये नवीन रिव्हरोक्साबॅनपेक्षा जुनीच गोळी चांगली ठरली. तपासणीचा कंटाळा येतो हे कळतं, पण गोळी आपल्या मनानं बदलू नका.

एएफ नसतानाही आकडा फसवतो. मधेच पडणारे जादा ठोके, पेसमेकर, औषधं. डिगॉक्सिन व्हेगसचा जोर वाढवतं, बीटा ब्लॉकरनंही आकडा वर जातो, व्हॉल्व्ह आहे तिथंच असतो. सावकाश श्वासाचं पण तसंच, मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले की श्वासाची लाट आणि प्रेशरची लाट जुळते आणि एचआरव्ही मस्त वाढतो, मन शांत होतं, करायला हरकत नाही, पण श्वास रोखून धरायचे आणि जोरात ढकलायचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

बलून करून, म्हणजे शिरेतून नळी नेऊन झडपेत फुगा फुगवून, मायट्रलची वाट मोकळी केली की, जपानच्या इनोए यांनी ही पद्धत १९८४ मध्ये जगापुढं आणली, वरच्या कप्प्यातलं प्रेशर तिथल्या तिथं उतरतं, आणि सायनस ठोका टिकून असेल तर एचआरव्ही सुधारताना दिसतो. अडकलेली वाट सुटली की नर्व्हला ओरडायचं कारण राहत नाही. सगळ्यांना बलून जमत नाही, कॅल्शियम फार असेल, लीक असेल, कप्प्यात गुठळी असेल तर नाही. छाती उघडून व्हॉल्व्ह बदललेल्यांचं मात्र वेगळं असतं, त्यांचा एचआरव्ही ऑपरेशननंतर आधी पडतो आणि परत वर यायला काही महिने लागतात, भूल, सूज, हृदयाजवळच्या नर्व्हना बसलेला धक्का, सगळ्याचा परिणाम. त्या काळात बसल्या जागी नाडी ९० च्या आसपास राहू शकते. ऑपरेशन फसलं असं समजून रात्री जागत बसणारे लोक मी बघितलेत म्हणून लिहितोय. ताप, धाप, पायाला सूज, जखमेतून पाणी असं काही असेल तर दवाखाना गाठा, नुसत्या आकड्यासाठी घाबरू नका.

उन्हाळ्यात अजून एक, लघवीची गोळी चालू असलेल्या पेशंटच्या अंगातलं पाणी कमी झालं की नाडी चढते आणि मायट्रल आकसलेल्यांना ती चढलेली नाडी सोसत नाही, तेव्हा मार्च लागायच्या आधीच पाणी किती प्यायचं आणि गोळी किती घ्यायची ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि ज्या मुलांना रुमॅटिक फिव्हरनंतर दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलंय त्यांचं एकही चुकवू नका, दुखतं, पोरं रडतात, शाळा बुडते, तरीपण.

होल्टर लावायला येणार असाल तर आंघोळ करून या, नंतर चोवीस तास मशीनवर पाणी चालत नाही. छातीला तेल लावून येऊ नका, इलेक्ट्रोड निघतात. मशीन लावल्यावर नुसतं झोपून राहू नका, रोजचं काम करा, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर जिनापण चढा, नाहीतर आम्हाला तुमची नर्व्ह कामाच्या वेळी काय करते ते दिसतच नाही. सोबत जो कागद देतो त्यावर वेळ लिहा, किती वाजता धडधडलं, चक्कर आली, गोळी कधी घेतली, झोप कधी लागली. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला सांगा. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी चक्कर, एवढं लिहिलेलं असलं तरी मी पट्टीवर नेमकी ती जागा काढून डॉक्टरांपुढं ठेवू शकतो.